बुधवार-शुक्रवारचा पास्ता

आमच्या गोंदियाजवळच्या मुर्रीच्या घरी सोमवार ते शुक्रवार बाबा नसायचे. ते देवरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. शनिवारी दुपारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचे. आई कामठ्याच्या पुढे एका गावात नर्स होती. सकाळी नवाच्या आत स्कूटी काढायची, ती परत यायला साडेसहा-सात व्हायचे, आणि लसीकरणाची मोहीम असली की आठसुद्धा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस आमचं घर आत्याच्या भरवशावर चालायचं. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. माझा जन्म झाला, आईची रजा संपत आली, तेव्हा बाबा तिला तिच्या सासरच्या गावाहून, तिरोड्याकडून, घेऊन आले. 'थोडे दिवस' म्हणून आली आणि सोळा वर्षं राहिली. मधे मिनू झाली, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मिनूला तर आईच्या आधी आत्याच ओळखू यायची.

सकाळी मला जाग यायची ती तांदूळ धुण्याच्या आवाजाने. जरा लांबून गोंदियाच्या स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांचे भोंगे, मागच्या गल्लीतल्या राईस मिलची घरघर, आणि या सगळ्यांत जवळचा म्हणजे आत्याच्या हातातल्या गंजाचा खणखणाट. मोठ्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. आत्याकडे तीन गंज होते, एक भाताचा, एक डाळीचा, एक दुधाचा, आणि त्यांची अदलाबदल झालेली तिला चालायची नाही. लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी, हिवाळ्यात वालाच्या शेंगा, रात्री तांदळाची भाकर. रविवारी बाबा असले की अंगणातल्या चुलीवर कोंबडीचा रस्सा, असा तिखट की मिनू पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊनच बसायची. सोळा वर्षांत त्या जेवणाला कोणी 'छान झालं' म्हटलेलं मला आठवत नाही. मीठ कमी पडलं तर तेवढं सांगायचे. वाईट कोणी वागत नव्हतं, पण नळाला पाणी आलं म्हणून नळाचं कौतुक कोण करतं, तसं ते होतं.

अकरावीत असताना माझ्या हातात नवा फोन आला आणि मी स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहायला लागलो. त्यातल्या एका व्हिडिओत एक बाई एकाच पसरट कढईत चिकन, भाज्या आणि पास्ता करायची. पास्ता वेगळा उकडायचा नाही, पाणी फेकायचं नाही, सगळं एकातच. अर्ध्या तासात जेवण आणि घासायला एकच भांडं. ते एकच भांडं माझ्या डोक्यात बसलं. मी आईच्या मागे लागून जाड बुडाची झाकणाची कढई आणवली. बाजारातल्या मोठ्या दुकानातून पास्त्याची पाकिटं आणली. चिकनवाल्याकडे जाऊन बोनलेस मागितलं तेव्हा तो सुरी थांबवून म्हणाला, "बोनलेस में क्या मज़ा है, भाई? हड्डी का तो स्वाद होता है।" तरी त्याने काढून दिलं.

पहिल्या बुधवारी मी आत्याला ओट्यापाशी येऊच दिलं नाही. ती दाराला टेकून पाहत होती. चिकनचे तुकडे मीठ-मिरपूड लावून तेलात परतले आणि ताटलीत काढून ठेवले. त्याच कढईत कांदा, लसूण, मग शिमला मिरची, गाजर, मक्याचे दाणे. चमचाभर मैदा भुरभुरवला, दूध आणि पाणी निम्मं निम्मं ओतलं, आणि कच्चा पास्ता तसाच त्यात सोडला.

"दुधात कोंबडी टाकून राहिला?" आत्या म्हणाली. "अंगावर पांढरे डाग येतेत गा."

"तसं काही नसतं, आत्या. सगळं जग खाते."

"जगाले खाऊ दे. मी नाही खात."

झाकण ठेवून बारा मिनिटं. पास्ता दूध पिऊन फुगला, रस दाटला, मग चिकन परत आत घातलं. क्रीम आणायचं विसरलो होतो. फ्रिजमध्ये आत्याचा सायीचा डबा होता. आठवडाभर साठवून ती रविवारी तूप कढवायची. मी तिला विचारलं नाही. डबा काढला आणि अर्धी साय कढईत ओतली. ती दारातून बघत होती. त्या रविवारी तूप जरासंच झालं.

पण त्या संध्याकाळचं काय सांगू. मिनूने दोन वाट्या खाल्ल्या. आई दमून आली होती. तिने उभ्याउभ्याच चमचा तोंडात घातला आणि खुर्चीवर बसली. "बंटी, हे तू केलं?" तिने तीनदा विचारलं. तिने बाबांना फोन लावला, नागपूरच्या मावशीला लावला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्या बायांना सांगितलं की माझा पोरगा असा असा पदार्थ करतो. पोरगा करतो, यातच सगळं आलं. मी एकदा कढई घासून ओटा पुसला त्याची वाहवा झाली, आणि त्याच ओट्यावर ज्या बाईची सोळा वर्षं गेली ती दारात उभी राहून ते ऐकत होती. तेव्हा मला हे दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. दिसत होतं, आणि मला ते आवडत होतं.

मग ठरूनच गेलं. बुधवार आणि शुक्रवार माझे. या दोन दिवशी आत्या चार वाजल्यापासून मोकळी. मोकळेपणाचं काय करायचं हे तिला कळायचं नाही. तांदूळ निवडलेले असले तरी पुन्हा निवडायची. मिनूची वेणी दोनदा घालायची. सहा वाजले की हळूच विचारायची, "मी भात टाकू का थोडा?" मी नाही म्हणायचो. स्वतःपुरता सकाळचा भात ती गरम करून खायची, तोही आमचं झाल्यावर, मागच्या दारात बसून.

ज्या बुधवारचं सांगायचं आहे तो उन्हाळ्यातला. आमच्याकडचं ऊन माहीत असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दुपारी ओट्याची फरशीसुद्धा हाताला चटका द्यायची. चिकन मी आदल्या संध्याकाळीच आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. सकाळी साडेसातला तो डबा बाहेर काढला. खालच्या कप्प्यात ठेवायचा होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत मोकळं झालं असतं. तेवढ्यात मित्राचा फोन आला, बोलता बोलता डबा ओट्यावर ठेवला आणि तसाच क्लासला निघालो. उन्हाळ्याचे क्लास दिवसभराचे होते. आई कामावर गेली. आत्या सकाळीच मिनूला घेऊन गल्लीतल्या एका लग्नाला गेली. डबा ओट्यावर राहिला.

सहाला घरी आलो तेव्हा मला डब्याची आठवण झाली आणि मी तसाच आत धावलो. ओट्यावर डबा नव्हता. फ्रिज उघडला तर खालच्या कप्प्यात नीट ठेवलेला. लग्नाहून चारला परत आल्यावर आत्याने उचलून ठेवला असणार. मी झाकण काढलं. तुकडे चिकट झाले होते आणि वास यायचा तसा नव्हता. फार नाही, पण नव्हता. हे मी आज तितक्याच स्पष्टपणे लिहू शकतो, कारण ते क्षण माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत. मी डबा हातात धरून उभा होतो. टाकून द्यावं, असं वाटलं. तेवढ्यात दारातून आत्याचा आवाज आला, "थकला असशीन. मी भात टाकू का?"

ती असं बोलली नसती तर मी ते टाकलं असतं का, माहीत नाही. पण तिने विचारलं आणि मी म्हणालो, "नको. मी करतो ना." मग चिकन दोनदा धुतलं, लसूण दुप्पट घातला, मिरपूड भरपूर, वरून सांबार चिरून टाकला. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो.) वास गेला. मी थोडंच खाल्लं. मिनूने नेहमीसारख्या दोन वाट्या. आईची त्या दिवशी मोहीम होती, ती तिकडेच जेवून आली.

पहाटे मिनूला उलट्या सुरू झाल्या. उजाडेपर्यंत तिच्यात उभं राहायचं त्राण नव्हतं, डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. माझंही पोट बिघडलं होतं, पण मी ते कोणाला कळू दिलं नाही. आई नर्स असल्याने तिला एका नजरेत कळलं. तिने पोरीला उचललं आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सलाईन लावायला शीर सापडेना, तीन ठिकाणी सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, शिळं किंवा बाहेर राहिलेलं मांस असेल, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

मी चहाचा थर्मास घेऊन दवाखान्यात पोचलो तेव्हा बाहेरच्या बाकावर आई आणि आत्या होत्या. आत्याला एक सवय होती. दुपारी ती कधीकधी फ्रिजचं बटण बंद करायची. 'त्यालेही आराम लागते' म्हणायची. आई त्यावरून पूर्वीही दोन-तीनदा बोलली होती. आता आईने तिच्याकडे न बघता विचारलं, "बाई, काल फ्रिज बंद केला होता का तुम्ही?"

आत्या मिनूचा फ्रॉक हातात घट्ट धरून बसली होती. तिने तो मांडीवर ठेवून सारखा केला. मग म्हणाली, "असन, सुमन. मीच केला असन."

"केला असन म्हणजे काय? पोरगी मरता मरता वाचली माझी." आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमच्यानं आता होत नाही, बाई. खरं सांगते. त्यापेक्षा बंटी परवडला. एका भांड्यात सगळं करते अन् ओटाही पुसून ठेवते."

मी चार पावलांवर होतो. थर्मास हातात गरम लागत होता. 'डबा मी बाहेर विसरलो होतो' एवढं एक वाक्य. ते म्हणायला तोंड उघडलंही असेल. आत्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने तोंड पुसलं. मी थर्मास बाकावर ठेवला आणि कप आणतो म्हणून बाहेर गेलो.

दोन दिवसांनी मिनू घरी आली. शनिवारी बाबा आले, आईशी दार लावून बोलले, आत्याशी अंगणात बोलले. आत्याच म्हणाली की मला गावी नेऊन सोड, पुतण्या कधीचा बोलावून राहिला. पुतण्या म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. बाबा म्हणाले, "जा थोडे दिवस." रविवारी चूल पेटली नाही. तिने तिचे गंज घासून पालथे घातले, लुगडी एका पिशवीत भरली, आणि मिनू झोपेत असताना तिच्या पायाला हात लावला. मोठ्या माणसाने लहानाच्या पायाला हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला म्हणाली, "अभ्यास करजो."

त्यानंतर मी तो पास्ता केला नाही. आई म्हणायची, "कर ना रे बंटी, बुधवार आहे." मी परीक्षेचं कारण सांगायचो. आईने पोळ्यांना एक बाई लावली, बाकी खिचडीवर भागायचं. बारावी झाली, मी नागपूरला शिकायला गेलो. आत्या दिवाळीला एकदा आली, दोन दिवस राहिली, आणि त्या दोन दिवसांत मिनूने तिच्या हातचं काही खाल्लं नाही. आईने शिकवलं नव्हतं. पण मिनूच्या डोक्यात बसलं होतं की आत्याने फ्रिज बंद केला म्हणून मला सुया टोचल्या. 'मला भूक नाही' म्हणून ती उठून गेली. मी समोर बसलो होतो. याही वेळी मी गप्प राहिलो. पहिल्यांदा गप्प राहिलो तेव्हा घाबरलो होतो, पोर होतो, असं काही म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो.

मग पाच वर्षं गेली. नोकरी लागली, तिरोड्याला कामानिमित्त यावं लागलं, आणि काम लवकर संपलं. आत्याचं गाव तिथून अर्ध्या तासावर. मिठाईचा डबा घेऊन गेलो. आत्या पऱ्हे, म्हणजे भाताची लावायची रोपं, काढायला शेतावर गेली होती. पुतण्याच्या बायकोने, तिला मी वहिनी म्हणतो, पाणी दिलं, चहा टाकला. मी सहज म्हणालो, "आत्याच्या हातचा रस्सा खाऊन किती वर्षं झाली. इथे तुमची मजा असेल."

वहिनी चुलीपाशीच थांबली. "काकू? काकू स्वयंपाकाले हात लावत नाही, भाऊजी. आल्यापासून नाही. शेतात रोवणा करते, गाईचं करते, माह्या पोराईले न्हाऊ घालते. पन चुलीपाशी येत नाही. मी आजारी पडली तेव्हा बी हे भात शिजवून देत, पन ती नाही. म्हनते, माह्या हातानं लेकराले विष झालं."

चहा मी प्यालो की नाही आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की आत्याने मला वाचवायला खोटं सांगितलं, तिला सगळं ठाऊक आहे, आणि आमच्या दोघांत ते एक गुपित आहे. त्या समजुतीत मी थोडा आरामात होतो. आणि इकडे ती बाई स्वतःच्या हातांना घाबरून जगत होती.

आत्या आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टोपलं. मला बघून हसली. मी तिला हातपाय धुऊ दिले नाहीत. अंगणातच, उभ्यानेच सांगितलं. डबा मी बाहेर विसरलो होतो, वास आला होता, तरी केलं.

ती ऐकत होती. मग खाली बसली. "किती वाजेपासून बाहेर होता?"

"साडेसातपासून."

"सकारच्या?"

"हो."

तिने मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्या चार वाजता उचलून ठेवला. मले वाटलं, तू आताच काढून ठेवला असशीन, मंधात येऊन गेला असशीन. हात लावला तं कोमट होता. तरी ठेवला. तुले आई बोलन म्हनून कोनाले नाही सांगितलं." ती थांबली. "मले वाटलं, माह्याच्यानं झालं. कोमट होता, फेकाले पाहिजे होता. फ्रिजचं तं मले आठवतच नोहोतं, बंद केला का नाही. म्हनून म्हनलं, असन."

"आत्या, तुझी काही चूक नव्हती."

"एवढे वर्स काऊन नाही सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग येण्याआधी तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही. मग ती उठली, टोपलं उचललं, आणि सरळ आवाजात म्हणाली, "जाय तू आता. बस निघून जाईन." मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकली.

त्या संध्याकाळी मुर्रीला जाऊन मी आईला आणि मिनूला समोर बसवून सांगितलं. मिनू उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या सकाळी आईने दवाखान्यात रजा कळवली आणि मला न सांगता एकटीच बसने आत्याच्या गावी गेली. तिकडे दोघींचं काय बोलणं झालं, ते आजतागायत मला माहीत नाही. आई परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि पिशवीत वालाच्या बिया होत्या, आत्याने दिलेल्या. आत्या मात्र परत राहायला आली नाही. ते घर आता तिचं झालं होतं. महिन्याभराने वहिनीचा फोन आला की काकूने आज आपणहून डाळ टाकली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा घरी जेवण ठेवलं होतं, आणि रस्सा आत्यानेच करायचा असा मिनूचा हट्ट. तोवर माझं लग्न होऊन मला मुलगी झाली होती, नुकती हाताने जेवायला लागलेली. पुतण्याची दोन पोरंही आली होती. आत्याने अंगणात चूल मांडली, मला लसूण सोलायला बसवलं, कांदा जाड चिरला म्हणून बोलली. कामापुरतं बोलली, त्याच्यापलीकडे नाही. सगळं शिजल्यावर पोरं ताटं घेऊन रांगेत बसली. आत्याने वाटीत रस्सा घेतला, त्यात चिकनचा एक तुकडा घातला, आणि पोरांना ओलांडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आधी तू खाय," ती म्हणाली.

सगळे बघत होते. मी तुकडा तोंडात घातला. फार तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं. मी तो चावून गिळेपर्यंत ती वाटी धरून उभी होती, माझ्या गळ्याकडे बघत. मग वळली, खाली बसली, आणि माझ्या मुलीच्या ताटात वाढायला लागली.